दुर्बिणीत सगळंच पुसट दिसतंय? तपासणी कुठून सुरू करायची

"दुर्बीण घेतली, पण काही दिसतच नाही." साताऱ्यात माझ्याकडे येणारी जवळजवळ प्रत्येक दुर्बीण हे वाक्य घेऊनच येते. अवकाशाची मोठी बातमी आली की या दुर्बिणी वाढतात. २३ ऑगस्ट २०२३ ला चांद्रयान-३ उतरलं तेव्हा वाढल्या, जून २०२५ मध्ये शुभांशु शुक्ला अंतराळ स्थानकावर गेले तेव्हाही वाढल्या. घरातली मुलं हट्ट धरतात, दुर्बीण घरी येते, पहिल्या दोन रात्री गच्चीवर गर्दी होते. मग तिसऱ्या रात्रीपासून ती कपाटावर जाते. मला या गोष्टीचं फार वाईट वाटतं, कारण त्यातल्या बहुतेक दुर्बिणी धडधाकट असतात. दोष छोटा असतो, आणि तो घरच्या घरी, बिनखर्चात निघतो. फक्त तपासण्याचा क्रम चुकू द्यायचा नाही.

हे मुख्यतः आरशाच्या दुर्बिणींबद्दल आहे, म्हणजे ७६, ११४, १३० किंवा १५० मिलिमीटर आरशाच्या न्यूटन पद्धतीच्या. भिंगाच्या दुर्बिणीलाही सुरुवातीच्या तपासण्या तशाच लागू पडतात.

आधी लक्षण ओळखा

"पुसट दिसतं" या एका शब्दात सात वेगवेगळे आजार लपतात. म्हणून कुणी आलं की मी पहिल्यांदा विचारतो, एखाद्या तेजस्वी ताऱ्याकडे बघितल्यावर नेमकं काय दिसलं?

- तारा बिंदूसारखा न दिसता मेदूवड्यासारखा दिसतो, मधे काळं भोक.
- ग्रहाची कडा उकळत्या पाण्यातून बघितल्यासारखी थरथरते.
- चित्र अंधारं आणि दुधाळ आहे, चंद्रसुद्धा मळकट दिसतो.
- सुरुवातीला छान दिसत होतं, तासाभरात धुरकट झालं.
- हात लावला की दोन-दोन प्रतिमा दिसतात.
- प्रत्येक ताऱ्याला एकाच दिशेला शेपूट फुटलंय.
- तारा रेघेसारखा किंवा तिकोनी दिसतो.

शेपटाचं लक्षण मला एका मुलामुळे कायमचं लक्षात राहिलं. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्सुचिनशान-ॲटलास धूमकेतू संध्याकाळी पश्चिमेला दिसत होता. कोडोलीचा एक अकरावीतला मुलगा धावत आला आणि म्हणाला, "काका, मला दोन धूमकेतू सापडले." मी त्याच्या गच्चीवर गेलो. पश्चिमेचा धूमकेतू खराच होता. दुसरा होता अभिजित तारा! त्याच्या दुर्बिणीत अभिजितला शेपूट होतं, श्रवणला होतं, हंसालाही होतं. आरसे सरकले होते. वीस मिनिटांत ते जागेवर आले. मग त्यानं खऱ्या धूमकेतूचं शेपूट पाहिलं आणि किती तरी वेळ तो काही बोललाच नाही.

पहिली तपासणी: टोपी आणि नेत्रिका. खर्च शून्य, वेळ दोन मिनिटं

नळीच्या तोंडावरच्या मोठ्या टोपीत एक छोटी टोपी असते. पुष्कळ जण ती छोटी टोपीच काढतात आणि त्या भोकातून बघतात. ते भोक चंद्राचा झगमगाट कमी करण्यासाठी ठेवलेलं असतं. ११४ मिलिमीटरच्या आरशाला ४५ मिलिमीटरच्या भोकातून बघितलं तर जेमतेम सहाव्या हिश्शाइतका प्रकाश आत येतो, आणि बारकावेही कमी होतात. अख्खी टोपी काढा. हसण्यावारी नेऊ नका. वाईच्या एक शिक्षिका आठ महिने शाळेतल्या मुलांना त्या भोकातूनच शनी दाखवत होत्या, कारण माहितीपत्रकातल्या चित्रात तसंच होतं.

मग नेत्रिका, म्हणजे डोळा लावायचं भिंग. खोक्यावर "५२५ पट" किंवा "६७५ पट" असं मोठ्या अक्षरांत छापलेलं असतं, आणि साहजिकच माणूस सर्वांत जास्त पटीची जोडणी आधी लावतो. हिशोब सोपा आहे: नळीची फोकल लांबी (प्रकाश गोळा होऊन प्रतिमा बनते तिथपर्यंतचं अंतर) भागिले नेत्रिकेची फोकल लांबी. ९०० मिमीच्या दुर्बिणीला २५ मिमीची नेत्रिका लावली तर ३६ पट, १० मिमीची लावली तर ९० पट, ४ मिमीची लावली तर २२५ पट. त्यावर पट तिप्पट करणारा बार्लो, म्हणजे जोडभिंग, लावला की ६७५ होतात. पण दुर्बिणीला झेपणारी कमाल पट आरशाच्या मिलिमीटरच्या साधारण दुप्पट असते. म्हणजे ११४ ला २२८ आणि ७६ ला १५२, तेही हवा अत्यंत शांत असलेल्या रात्री. त्यापुढे चित्र मोठं होतं, पण त्यात नवीन काहीच येत नाही. फुग्यावरची अक्षरं फुगा फुगवल्यावर मोठी आणि फिकी होतात तसं.

म्हणून बार्लो काढून खिशात ठेवा. २५ मिमीची, नसेल तर २० मिमीची नेत्रिका लावा. चाळीस पटीला गुरू केवढा दिसतो, माहीत आहे? नुसत्या डोळ्यांना पौर्णिमेचा चंद्र दिसतो तेवढा. गुरूचे चार चंद्र त्याच पटीला स्पष्ट दिसतात. पटीच्या मागे लागून लोकांनी सोडून दिलेलं हे सुख आहे, म्हणून इतकं ताणून सांगतोय.

खोक्यात "सरळ प्रतिमेची" एक लांबट नळीही येते. ती लावू नका. आरशाच्या दुर्बिणीत प्रतिमा उलटी दिसणारच, तो दोष नाही. त्या नळीतली स्वस्त भिंगं मात्र चित्र नक्की खराब करतात.

दुसरी: फोकस दिवसाउजेडी शिकून घ्या

मेदूवडा दिसतो म्हणजे फोकस झालेला नाही. मधलं काळं भोक ही दुय्यम आरशाची, म्हणजे नळीच्या तोंडाजवळच्या छोट्या आरशाची, सावली आहे. फोकसचं चाक एका दिशेला फिरवा. वडा लहान होत गेला तर दिशा बरोबर, मोठा होत गेला तर उलट फिरवा. तो बिंदू होईपर्यंत सावकाश फिरवत राहा.

अंधारात हे जमत नसेल तर संध्याकाळी उजेड असताना सराव करा. सातारा शहरात असाल तर अजिंक्यताऱ्यावरचा मनोरा धरा, सांगलीत असाल तर लांबची एखादी पाण्याची टाकी. शेजारच्या घराची खिडकी धरू नका. जवळच्या वस्तूला फोकस फार बाहेर येतो आणि रात्री पुन्हा सगळं शोधावं लागतं. त्याच वेळी शोधक, म्हणजे नळीवर बसवलेली छोटी दुर्बीणही, मोठ्या नळीशी जुळवून घ्या. "काहीच दिसत नाही" या तक्रारींपैकी कितीतरी शोधक न जुळवल्यामुळे येतात: माणूस समजतो गुरूकडे बघतोय, आणि नळी रिकाम्या आकाशाकडे असते.

सराव करताना सूर्य जिथं आहे त्या बाजूला नळी वळवायचीच नाही. एक क्षण पुरतो, आणि गेलेली दृष्टी परत येत नाही. काही खोक्यांत नेत्रिकेला लावायची काळी सूर्यकाच येते. ती आज, आत्ता फोडून टाका. नळीनं गोळा केलेली सगळी उष्णता त्या काचेवर एकवटते आणि काच बघता बघता तडकते.

तिसरी: तुमचा डोळा

तारा रेघेसारखा दिसतो? मान एका बाजूला कलती करा. रेघही तुमच्या मानेबरोबर फिरली तर दोष दुर्बिणीत नाही, डोळ्यात आहे. चष्म्याला सिलिंड्रिकल नंबर असणाऱ्यांना हे होतं, आणि कमी पटीला जास्त होतं. चष्मा लावून बघा. नुसता जवळचा किंवा लांबचा नंबर असेल तर चष्मा काढून फोकस फिरवला की काम भागतं. मिरजेच्या एका गृहस्थांना या एका तपासणीतून कळलं की गेली दोन वर्षं त्यांचा नंबर बदललेला आहे.

चौथी: हवा आणि जागा. यावर मी सर्वांत जास्त बोलतो

थरथरणाऱ्या कडेचं कारण दहातल्या सात-आठ वेळा दुर्बिणीच्या बाहेर असतं. आपण सगळं आकाश हवेच्या तळातून बघतो. गरम आणि थंड हवेचे थर एकमेकांत मिसळत असले की त्यांच्यातून येणारा प्रकाश वेडावाकडा वळतो. तारे लुकलुकतात ते यानेच, आणि दुर्बीण ते लुकलुकणं चाळीस किंवा नव्वद पट मोठं करते.

गच्चीचा स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री नऊ-दहापर्यंत ती उष्णता सोडत राहतो. मार्च ते मे तर मध्यरात्रीपर्यंत. त्या स्लॅबवर दुर्बीण ठेवून शेजारच्या पत्र्याच्या छपरावरून मावळतीचा ग्रह बघितला, तर तव्यावरून उठणाऱ्या वाफेतून बघितल्यासारखंच होणार. अंगणात, मातीवर किंवा गवतावर ठेवा. गच्चीच हवी असेल तर संध्याकाळी पाणी मारा आणि उशिरा बसा. खिडकीतून, काच उघडी असली तरी, बघू नका. खोलीतली उबदार हवा त्याच खिडकीतून बाहेर पडत असते.

दुर्बीणही थंड व्हावी लागते. घरातली नळी बाहेर आणली की आतला आरसा तासभर ऊब सोडत राहतो आणि ती ऊब नळीतूनच वर चढते. ११४ ला अर्धा-पाऊण तास द्या, १५० ला तास. संध्याकाळचा चहा प्यायच्या आधीच नळी बाहेर नेऊन ठेवायची सवय लावा.

मग उंची. क्षितिजापासून ३० अंशांवरच्या ताऱ्याचा प्रकाश डोक्यावरच्या ताऱ्यापेक्षा दुप्पट हवा ओलांडून येतो. हात लांब करून मूठ धरली तर साधारण १० अंश होतात. ग्रह तीन मुठींच्या वर चढल्याशिवाय त्याच्यावरून दुर्बिणीचा निकाल लावायचा नाही. खाली असलेल्या शुक्राच्या किंवा गुरूच्या एका कडेला लाल आणि दुसऱ्या कडेला निळी छटा दिसते तीही हवेमुळेच. हवा लोलकाचं काम करते, भिंग खराब नसतं.

आता आपल्या भागातला एक अनुभव, जो आधी माझाही विश्वास बसला नाही. साताऱ्यात डिसेंबर-जानेवारीत वारं सुटून गेलं की आकाश धुऊन काढल्यासारखं होतं. यवतेश्वर घाट चढून कासच्या रस्त्याला गेलं की कृत्तिका मोजून घ्याव्यात इतकं स्वच्छ. अशा रात्री तेजोमेघ आणि तारकागुच्छ सुंदर दिसतात, पण गुरू मात्र हलत राहतो, कारण वरची हवा पळत असते. उलट सांगलीकडे गळीत हंगामात कारखान्यांच्या चिमण्या सुरू असतात, शेतात पाचट पेटलेलं असतं, कृष्णेवर धुकट पदर असतो. तिथले लोक म्हणतात, आमच्याकडे काय दिसणार! पण ती हवा पुष्कळदा जागची हलत नाही. अशाच एका धुरकट, निवांत रात्री सांगलीत मी गुरूचे पट्टे जितके स्वच्छ पाहिले तितके कासवर पाहिले नाहीत. मंद वस्तूंना हवी स्वच्छ हवा, ग्रहांना हवी शांत हवा. रात्र कसली आहे ते बघून काय बघायचं ते ठरवा. नुसत्या डोळ्यांना व्याध रंग बदलत जोरात लुकलुकत असेल तर त्या रात्री ग्रहांवर मोठी पट लावू नका.

पाचवी: दव, धूळ, तिपाई

सुरुवातीला छान आणि नंतर धुरकट, हे दव. नोव्हेंबर ते जानेवारीत हमखास. मुख्य आरसा नळीच्या तळाशी असल्यामुळे वाचतो. आधी नेत्रिकेवर दव धरतं आणि मग तोंडाजवळच्या दुय्यम आरशावर. पुसू नका. नळीच्या तोंडाला काळ्या कार्डशीटचं नळकांडं गुंडाळा, लांबी नळीच्या व्यासाच्या दीडपट. नेत्रिका आळीपाळीने खिशात ऊब धरून ठेवा. दव धरलंच तर केस वाळवायच्या यंत्राची मंद झोत लांबून द्या.

धुळीबद्दल एकच कळकळीची विनंती: बॅटरी मारून आरसा बघू नका. बॅटरीच्या उजेडात कुठलाही आरसा भयानक दिसतो आणि माणूस रुमाल काढतो. दुय्यम आरसा स्वतःच मुख्य आरशाचा मधला भाग झाकून बसलेला असतो, तरी चित्र बिघडत नाही. मग धुळीच्या चार कणांनी काय होणार? रुमालानं पुसल्यावर मात्र तेच कण आरशावर ओरखडे ओढतात आणि ते कधीच जात नाहीत. घरातल्या आरशाचा चकाकता थर काचेच्या मागे असतो. दुर्बिणीच्या आरशाचा थर काचेच्या पुढे, उघडा असतो, तोही केसाहून कितीतरी पातळ. रबरी फुंकणीनं हवा मारा आणि सोडून द्या.

तिपाई हलते का, ते नळीला बोटानं हलकी टिचकी मारून बघा. तीन सेकंदांत चित्र स्थिर झालं नाही तर तिपाई दोषी. पाय पूर्ण आत घाला आणि खुर्चीवर बसून बघा. तिपाईच्या मधे पाच लिटरचा पाण्याचा कॅन टांगा. बहुतेक वेळा एवढ्यानं भागतं.

सहावी: आरसे एका रेषेत आहेत का

इथपर्यंत सगळं करूनही शेपूट राहिलं असेल तर कॉलिमेशन बिघडलंय. मुख्य आरसा, दुय्यम आरसा आणि नेत्रिका यांचे मध्य एका मार्गावर राहिलेले नाहीत. आपल्याकडे हा दोष पुन्हा पुन्हा होण्याचं कारण म्हणजे प्रवास. स्कूटरवर मांडीवर नळी घेऊन घाट चढला, किंवा जतकडच्या अंधाऱ्या माळावर जाताना जीपमध्ये नळी आडवी टाकली, की खडखडाटानं स्क्रू सैल होतात. लांब नळीची ११४/९०० (आरसा ११४ मिमी, फोकल लांबी ९०० मिमी) ही दुर्बीण बरंच सोसते. १३०/६५० किंवा १५०/७५० म्हणजे एफ/५ च्या (फोकल लांबी आरशाच्या पाचपट) दुर्बिणी अजिबात सोसत नाहीत. त्या प्रत्येक प्रवासानंतर तपासाव्याच लागतात. हे वीणा जुळवण्यासारखं आहे, बैठकीला बसलं की आधी तारा लावायच्या. दुर्बीण बिघडली असं त्यात काही नाही.

निदान आधी करा. थंड झालेल्या दुर्बिणीत एक तेजस्वी तारा मधोमध आणा, नव्वद-शंभर पट लावा, फोकस किंचित बिघडवा. वर्तुळात वर्तुळं दिसतील. सगळ्यांचा मध्य एक असेल तर आरशांना हात लावू नका, दोष वरच्या तपासण्यांतच आहे, परत जा. वर्तुळं एका बाजूला सरकलेली असतील तर पुढे चला. मोटर नसलेल्या दुर्बिणीला यासाठी ध्रुव बरा, कारण तो जागचा हलत नाही. आपल्या अक्षांशावर तो जेमतेम १७-१८ अंशांवर असतो म्हणून थोडा थरथरतो, पण उत्तर बाजू मोकळी असेल तर चालून जातं.

साधन विकत घ्यायची गरज नाही. फोकसरला, म्हणजे नेत्रिका जिच्यात बसते त्या सरकत्या नळीला, येणारी प्लास्टिकची धूळटोपी घ्या, तिच्या बरोबर मध्यावर दोन मिलिमीटरचं भोक पाडा. जुन्या कॅमेऱ्याच्या रोलची डबी असेल तर तिच्या तळाला भोक पाडा, ती फोकसरमध्ये छान बसते. स्वस्तातला लेझर घेतला असेल तर तो फोकसरमध्ये स्वतःभोवती फिरवून बघा. समोरचा ठिपका वर्तुळात फिरला तर लेझरच वाकडा आहे, आणि तो तुमची चांगली दुर्बीण वाकडी करून ठेवेल.

दिवसा, नळी आडवी ठेवून, भिंतीकडे तोंड करून, त्या भोकातून बघा. तीन गोष्टी याच क्रमानं बघायच्या.

एक, दुय्यम आरसा फोकसरच्या बरोबर खाली आणि गोल दिसतो का? कारखान्यातून आलेल्या दुर्बिणीत हे सहसा ठीक असतं.

दोन, दुय्यम आरशात मुख्य आरसा पूर्ण दिसतो का? त्याला धरून ठेवणाऱ्या तिन्ही पट्ट्या मोजा. एखादी दिसत नसेल तरच दुय्यम आरशाच्या पाठीमागचे तीन छोटे स्क्रू हलवायचे, तेही पाव-पाव फेरा. मधला मोठा स्क्रू सोडवू नका, आरसा त्यावरच लटकलेला असतो. नळी आडवी ठेवा म्हणतो ते यासाठीच: उभ्या नळीत हातातली ॲलन की (स्क्रू फिरवायची षटकोनी किल्ली) सुटली तर ती थेट मुख्य आरशावर पडते. असा टवका उडालेला आरसा मी पाहिला आहे.

तीन, मुख्य आरशाच्या मध्यावरची खूण टोपीच्या भोकाच्या प्रतिबिंबाखाली येते का? दहात नऊ वेळा चूक इथं असते. नळीच्या तळाला तीन फिरवायचे स्क्रू असतात आणि त्यांच्याजवळ तीन घट्ट करायचे. घट्ट करायचे थोडे सैल करा, मग फिरवायचा एक स्क्रू पाव फेरा फिरवून बघा. खूण मध्याकडे आली तर पुढे, दूर गेली तर उलट. दोघं असाल तर एकानं बघायचं, दुसऱ्यानं फिरवायचं. काम चौथ्या हिश्शात होतं. खूण मध्यावर आली की घट्ट करायचे स्क्रू हलक्या हातानं आवळा आणि पुन्हा बघा, कारण आवळताना आरसा पुन्हा किंचित सरकतो.

आरशावर मध्यखूण नसेल तर ती फाइलच्या कागदाच्या भोकाला लावायच्या गोल चिकटीची करता येते, पण त्यासाठी आरसा बाहेर काढून मोजावा लागतो. खुणेमुळे चित्र बिघडेल ही भीती नको. तो मधला भाग दुय्यम आरशाच्या सावलीतच असतो.

एफ/५ च्या दुर्बिणीत सगळं जुळल्यावरही दुय्यम आरशाची काळी आकृती किंचित मुख्य आरशाच्या बाजूला सरकलेली दिसते. ती तशीच दिसायला हवी. ती मध्यावर आणायच्या नादात लोक जुळलेली दुर्बीण मोडतात.

रात्री पुन्हा ताऱ्यावर तपासा. वर्तुळं एकमध्य झाली की थांबा.

तारा अजून तिकोनी दिसत असेल तर मुख्य आरशाच्या पट्ट्या फार आवळलेल्या आहेत. आरसा पट्टीखाली धरला जावा, दाबला जाऊ नये. पट्टी आणि काच यांच्यामध्ये कागदाचा कपटा सरकला पाहिजे.

ज्यांना दुरुस्ती नको असते

२०२५ भर लोक मला सांगत आले की शनीची कडी नाहीशी झाली, दुर्बीण बिघडली. दुर्बीण ठीक होती. २३ मार्च २०२५ ला पृथ्वी शनीच्या कड्यांच्या प्रतलातून गेली. कडी कितीतरी रुंद असली तरी फार पातळ आहेत, कडेकडून बघितली की सुईसारखी रेघ उरते. त्या नोव्हेंबरमध्येही ती पुन्हा जवळजवळ मिटलेली होती. आता वर्षागणिक ती उघडत जातील. गॅलिलिओलाही १६१२ मध्ये ती अचानक दिसेनाशी झाली होती आणि तो गोंधळून गेला होता. ती कडी आहेत हे डच शास्त्रज्ञ ह्युजेन्सनं सांगेपर्यंत चाळीसहून अधिक वर्षं गेली.

दुसरा प्रश्न मुलांचा असतो: चांद्रयान-३ चा विक्रम लँडर का दिसत नाही? ११४ मिलिमीटरचा आरसा उत्तम हवेत साधारण एक विकला (अंशाचा ३६०० वा भाग) इतका बारकावा दाखवतो. चंद्राच्या अंतरावर ते जवळजवळ दोन किलोमीटर होतात, आणि विक्रम काही मीटरचा आहे. पृथ्वीवरच्या कुठल्याही दुर्बिणीतून तो दिसत नाही. पण मुलाला चंद्राचा दक्षिण भाग शुक्ल अष्टमीच्या आसपास दाखवा, जिथं उजेड आणि अंधार भेटतात तिथली विवरांची गर्दी. "याच्याही खाली, तिकडे उतरला" असं बोट दाखवून सांगितलेलं मुलं विसरत नाहीत. पौर्णिमेला दाखवू नका, सावल्या नसतात, सगळं सपाट दिसतं.

जुलै २०२५ मध्ये सापडलेला ३आय/ॲटलास हा धूमकेतू म्हणजे सूर्यमालेबाहेरून आलेला तिसरा ज्ञात पाहुणा. बातम्यांत फार गाजला, पण नुसत्या डोळ्यांना दिसण्याइतका तो कधीच उजळला नाही. शहरातल्या ७६ मिलिमीटरच्या दुर्बिणीत तो दिसला नाही म्हणून ती विकायला काढलेले एक जण मला भेटले. मी त्यांना मृगातला तेजोमेघ दाखवला. दुर्बीण अजून त्यांच्याच घरी आहे.

इथं थांबा, जाणकाराकडे जा

पुढच्या गोष्टींत हात घालू नका. मी स्वतःही घालत नाही.

- आरशाचा चकाकता थर उडालाय, किंवा उजेडासमोर धरल्यावर त्यातून आरपार बरंच दिसतंय. त्यावर निर्वात पेटीत ॲल्युमिनियमचा नवा थर चढवावा लागतो. गल्लीतल्या आरसेवाल्याकडे देऊ नका.
- भिंगाच्या दुर्बिणीच्या वस्तुभिंगात (पुढच्या मोठ्या भिंगात) किंवा नेत्रिकेच्या आत बुरशीची जाळी दिसते. पावसाळ्यात महाबळेश्वर-जावळीकडच्या घरांत हे फार होतं. वस्तुभिंगाचे दोन तुकडे ठराविक अंतरावर आणि ठराविक बाजूनं बसवलेले असतात, एकदा खोलले की घरी परत तसे बसत नाहीत.
- दुय्यम आरसा चिकटवलेल्या जागेवरून सुटलाय.
- पट्ट्या सैल करूनही, मान कलती करूनही, तारा रेघच राहतो आणि फोकसच्या अलीकडे-पलीकडे गेल्यावर रेघ काटकोनात वळते. हा आरशाच्या आकाराचाच दोष आहे.
- मोटर किंवा सर्किट जळाल्याचा वास येतो.
- नळी जेमतेम दीड फूट आणि वर फोकल लांबी १००० मिमी लिहिलीय. अशा दुर्बिणीत फोकसरच्या आत एक जादा भिंग बसवलेलं असतं. त्यामुळे लेझर त्यात फसवतो आणि वरची पद्धत अर्धीच चालते. कमी पटीवर वापरा, पैसे घालू नका.

एक गोष्ट दुर्बिणीची नाही, पण सांगायलाच हवी: दुसऱ्या कुणाच्या चांगल्या दुर्बिणीतूनही तुम्हाला एकाच डोळ्यानं धुरकट दिसत असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा.

जाणकार आपल्याला सगळ्यांत जवळ पुण्यात मिळतात. ज्योतिर्विद्या परिसंस्था तिथं १९४४ पासून हौशी आकाशनिरीक्षकांसाठी काम करते आहे. दुर्बीण नेण्याआधी नुसतं विचारून बघा, निम्म्या वेळा उत्तर तिथंच मिळतं. आरसा पाठवायची वेळ आलीच तर काढण्याआधी आरशाच्या मागच्या बाजूला आणि त्याच्या बैठकीला पेन्सिलनं एकमेकांसमोर खूण करा, म्हणजे तो त्याच दिशेनं परत बसेल. डब्यात ठेवताना तो फक्त कडांवर टेकू द्या, चकाकत्या बाजूला कापूस, कागद, कापड काहीच लागू देऊ नका. आणि सोबत एक चिठ्ठी ठेवा: कोणत्या नेत्रिकेनं, कोणत्या ताऱ्यावर, काय दिसलं, आणि आतापर्यंत काय काय करून बघितलं. आरसा परत आला की नळीत बसवून सहावी तपासणी पहिल्यापासून करा, मग एक तास बाहेर ठेवा, मग २५ ची नेत्रिका लावा.